रक्तदाबमापन, शस्त्रक्रियाकालीन

शस्त्रक्रिया चालू असताना रोहिण्यांतील रक्ताचा दाब ठराविक अंतराने किंवा अखंडपणे मोजण्याच्या क्रियेस शस्त्रक्रियाकालीन रक्तदाबमापन म्हणतात. शुद्धिहरणाखाली असलेला रुग्ण घेरी, धाप वा छातीतील कळ सांगू शकत नाही. शिवाय बहुतेक शुद्धिहारक द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या शिथिल होऊन दाब उतरतो. मेंदू, हृदय व वृक्क यांना पुरेसे रक्त पोहोचते की नाही, याचा अंदाज बव्हंशी या मापनावरच बांधावा लागतो.

प्रत्यक्ष मापन हे अप्रत्यक्ष मापनाहून जुने आहे. स्टीव्हन हेल्स यांनी घोडीच्या रोहिणीत नळी बसवून केलेला प्रयोग १७३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्त काचेच्या नळीत आठ फुटांहून अधिक उंच चढले होते. दंडाला बांधावयाचा फुगता पट्टा शिपिओने रीवा-रोत्ची यांनी १८९६ मध्ये पुढे आणला. हार्वी कुशिंग यांनी १९०१ मध्ये पाव्हीया येथे हे उपकरण पाहून ते बॉल्टिमोरला नेले आणि शस्त्रक्रियागृहात रक्तदाबाची नियमित नोंद ठेवण्याचा पुरस्कार केला.

हल्लीची स्वयंचलित उपकरणे पट्ट्याखालील ध्वनी ऐकत नाहीत. पट्ट्यातील हवा सुटत असताना नाडीच्या ठोक्यांमुळे त्यातील दाबात सूक्ष्म आंदोलने उमटतात. ती सर्वांत मोठी असतात तेव्हाचा दाब मध्यमान रोहिणीदाबाच्या जवळपास असतो. प्रकुंचनीय (वरचा) व प्रसरणीय (खालचा) हे आकडे यंत्र गणिताने काढते आणि ते गणित उत्पादकागणिक वेगळे असते. पट्टा अरुंद असल्यास दाब वाजवीपेक्षा जास्त दिसतो. त्याची रुंदी दंडाच्या घेराच्या सु. ४०% असावी. मापन निदान दर पाच मिनिटांनी घेण्याची प्रथा आहे. परंतु मोठी रक्तवाहिनी तुटली, तर पाच मिनिटे हा फार दीर्घ काळ होय.

प्रत्यक्ष पद्धतीत सामान्यतः मनगटाजवळील रोहिणीत बारीक नळी घालून ती लवणद्रावाने भरलेल्या नलिकेद्वारे ऊर्जापरिवर्तकास जोडतात. प्रत्येक ठोक्याचा तरंग पडद्यावर दिसतो व तपासणीसाठी रक्तही त्याच नळीतून घेता येते. हृदय थांबवून हृदय-फुप्फुस यंत्र चालविले जाते तेव्हा नाडीचे ठोकेच नसल्याने पट्टा निरुपयोगी ठरतो. मात्र ही पद्धतही निर्दोष नाही. नलिकेत हवेचा बुडबुडा वा गुठळी असल्यास तरंग चपटा होऊन वरचा आकडा कमी व खालचा जास्त दिसतो. मध्यमान आकडा त्या मानाने कमी बिघडतो. रक्तस्राव, जंतुसंसर्ग व रोहिणी बंद होणे हे धोकेही आहेत.

दोन पद्धतींचे आकडे बरोबरीने चढतात-उतरतात, एवढ्यावरून त्या एकमेकींच्या जागी चालतील असे ठरत नाही, हे जे. मार्टिन ब्लंड व डग्लस ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये स्पष्ट केले. स्वयंचलित उपकरणांच्या मानकानुसार संदर्भ मापनापासूनचा सरासरी फरक पाऱ्याच्या ५ मिमी. व प्रमाण विचलन ८ मिमी. यांहून अधिक नसावे. म्हणजे मानकास उतरलेल्या उपकरणाचे एखादे मापन १५ मिमी.नेही चुकू शकते. दवाखान्यातील तपासणीत ही सवलत फारशी बाधत नाही. पण शस्त्रक्रियेत मध्यमान दाब ६५ मिमी.खाली दीर्घकाळ राहिल्यास वृक्क व हृदय यांना इजा होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले आहे, आणि दाब फार उतरलेला असतानाच पट्टा तो जास्त दाखविण्याकडे झुकतो. म्हणून मोठा रक्तस्राव अपेक्षित असलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णात प्रत्यक्ष मापन पत्करणे इष्ट. किरकोळ शस्त्रक्रियेत निरोगी माणसाच्या रोहिणीत नळी घालण्याचे कारण नाही. बोटावरील पट्ट्याने अखंड मापन करण्याची यान पेन्याझ यांची १९७३ मधील कल्पना या दोहोंमधली आहे. बोटे गार पडून तेथील रक्तवाहिन्या आकसल्या की ती अविश्वसनीय ठरते.

उंचीचा हिशेब सर्वच पद्धतींत करावा लागतो. दर १० सेंमी. उंचीस सु. ७.५ मिमी. फरक पडतो. खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णास बसते केल्यास व मेंदू दंडावरील पट्ट्याच्या २० सेंमी. वर असल्यास, पट्ट्याने दाखविलेला ७० मिमी. मध्यमान दाब मेंदूपाशी ५५ मिमी.च्या आसपास असतो. अशा वेळी प्रत्यक्ष मापनाचा ऊर्जापरिवर्तक कानाच्या पातळीवर ठेवतात.