पोखर्णी, पॅरिस आणि सुरक्षा परिषद

परभणी जिल्ह्यातील पोखर्णी नृसिंहाच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध. १९४८ साली हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि त्या संस्थानाने २१ ऑगस्टला भारताविरुद्ध थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली. १६ सप्टेंबरला परिषद पॅरिसमध्ये त्यावर बसली तेव्हा हैदराबादविरुद्ध भारताची लष्करी मोहीम, म्हणजे ‘पोलीस कारवाई’, सुरू झाली होती. दुसऱ्याच दिवशी निजाम शरण आला. त्याने तक्रार मागे घेतली, तरी विषय परिषदेच्या यादीत पुढे कित्येक वर्षे पडून राहिला. इथल्या गावांचा इतिहास असा सुरक्षा परिषदेपर्यंत पोहोचतो; म्हणून आंतरराष्ट्रीय राजकारणाचे संशोधन दिल्ली-मुंबईतच व्हावे आणि मराठवाड्यातल्या कला महाविद्यालयाने ते फक्त परीक्षेपुरते शिकवावे, हा समज टिकत नाही.

हा तर देशांतर्गत प्रश्न, असा आक्षेप येईल. भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांचाही मुद्दा तोच होता: हैदराबाद सार्वभौम नाही, सबब त्याला तक्रारीचा अधिकार नाही. पण सार्वभौम कोणाला म्हणायचे, हाच आंतरराष्ट्रीय राजकारण या विद्याशाखेचा कळीचा प्रश्न आहे. साधने परदेशात आहेत, ही सबबही आता लंगडी. परिषदेची इतिवृत्ते संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात मोफत वाचता येतात. इंग्रजीची अडचण मात्र खरी. या चर्चेचा सटीप मराठी अनुवाद राज्यशास्त्राच्या एखाद्या विभागाने हाती घ्यावा.