शक्तीची बाजू कोण मांडणार?

गणेशोत्सव आला की रत्नागिरी जिल्ह्यातील वाडी-वाडीत ढोलकी घुमू लागते. शाहीर आणि वादक मध्यभागी बसतात, पायात चाळ बांधलेले नर्तक त्यांच्याभोवती फेर धरतात. ही कोकणची जाखडी. दोन पक्ष समोरासमोर उभे ठाकले, की तिचाच 'शक्ती-तुऱ्या'चा सामना होतो. गण, गवळण झाली की सवाल-जवाबाला रंग चढतो. एका शाहिराने पुराणातील कोडे घालायचे, दुसऱ्याने ते पद्यातच सोडवायचे आणि जाता जाता चिमटाही काढायचा. मुंबईतील चाकरमान्यांनी हे सामने परळ-दादरच्या नाट्यगृहांतही नेले.

या कलेच्या मुळाशी तात्त्विक वाद आहे. कलगीवाले शक्तीला, म्हणजे प्रकृतीला श्रेष्ठ मानतात. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषाला. गंमत अशी, की स्त्रीतत्त्वाची थोरवी पिढ्यानपिढ्या गायली ती प्रामुख्याने पुरुषांनीच. तालमी रात्रीच्या, सामने पहाटेपर्यंत चालणारे आणि विद्या गुरूकडून शिष्याकडे जाणारी. अशा व्यवस्थेत घरादाराची जबाबदारी असलेल्या बाईला जागा मिळणे अवघडच होते. अलीकडच्या काळात मात्र महिलांचे सामने होऊ लागले आहेत आणि त्यांना गर्दीही होते.

तालावर शब्द फेकून प्रतिस्पर्ध्याला निरुत्तर करायचे, हे रॅपचेही मर्म आहे. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका कार्यक्रमात झाला, असे मानले जाते. त्या रात्री तबकड्या वाजविणारा डीजे कूल हर्क जगाला ठाऊक झाला. कार्यक्रम भरविणारी त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल मात्र बराच काळ पडद्याआडच राहिली.

आफ्रिकेतही चित्र वेगळे नव्हते. सेनेगलमधील वोलोफ स्त्रिया 'तासू' हा तालबद्ध उच्चारणाचा प्रकार लग्न-बारशाच्या प्रसंगी पूर्वापार सादर करीत आल्या आहेत. अनेक जण त्याला रॅपचा पूर्वज मानतात. तरीही तेथे रॅप आले तेव्हा मंच पुरुषांच्याच ताब्यात गेला. पुढे 'सिस्टर फा' या नावाने गाणाऱ्या फातू दियात्ता यांनी स्वतः बालपणी सोसलेल्या स्त्री-सुंतेच्या प्रथेविरुद्ध आवाज उठविला. सेनेगलने १९९९ मध्येच कायद्याने ही प्रथा बंद केली होती. पण कायदा पुस्तकात राहिला आणि प्रथा गावात. २००८ पासून सिस्टर फा गावोगावच्या मुलांपुढे, त्यांच्याच भाषांत गाऊ लागल्या. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या 'गोडेसा' या तीन तरुणींच्या गटाने २००४ मध्ये 'स्पिलेज' हा अल्बम काढला, तर शो माजोझी हिने त्सोंगा या तुलनेने उपेक्षित भाषेत रॅप करून २०१९ मध्ये अमेरिकेतील 'बीईटी' पुरस्कार मिळविला.

महाराष्ट्रातही ही वाट कोणीतरी चालते आहे. महादेव कोळी या आदिवासी समाजातील मधुरा घाणे 'माही जी' या नावाने रॅप करते आणि जंगल व आदिवासींच्या जगण्याचे प्रश्न मांडते.

मराठी बाईला शब्दांचे वावडे कधीच नव्हते. जात्यावरची ओवी, मंगळागौरीची गाणी, उखाणे, फुगडीतील सासर-माहेरची जुगलबंदी, ही सारी तिचीच निर्मिती. पुण्यातील हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने जमविलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. फरक इतकाच, की ओवी पहाटे घराच्या आत गायली गेली आणि सवाल चारचौघांत मंचावरून टाकला जातो. ओवीला श्रोता नसला तरी चालतो. सवालाला जवाब द्यावाच लागतो.

म्हणूनच महिलांच्या सामन्यांकडे केवळ नावीन्य म्हणून पाहणे पुरेसे नाही. पुरुषांनी रचलेली पदे स्त्रियांनी गायल्याने आवाज बदलेल, सवाल बदलणार नाही. त्यासाठी मुलींना गुरूकडे बसून पदरचना शिकता आली पाहिजे आणि रात्रीच्या तालमीहून निर्धास्तपणे घरी परतता आले पाहिजे. मग शक्ती श्रेष्ठ की शिव, या जुन्या वादात शक्तीला स्वतःची बाजू स्वतःच्या शब्दांत मांडता येईल.