नोंद आढळत नाही

मार्च 2008 मध्ये, जर्मनीतील वास्तव्याला सहा वर्षे झाली असताना आणि प्रपंचाच्या साऱ्या गरजा मुकाट्याने भागवणारी एक सोशिक मोटार दारात उभी असताना, मी पोर्शे 944 ही बावीस वर्षांची, दोन दरवाजांची, वेगाकरिताच घडवलेली गाडी साडेपाच हजार युरोंना विकत घेतली. आणि त्याच संध्याकाळी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही काढून तिच्या पहिल्या पानावर तारीख, मापकावरचा आकडा, तपशील, रक्कम आणि प्रयोजन असे पाच रकाने आखले. ही सवय माझी नव्हे, वडिलांची. अण्णांनी पस्तीस वर्षे कोषागार कचेरीत काढली, आणि जी गोष्ट दप्तरी दाखल नाही ती घडलीच नाही, या श्रद्धेने त्यांनी घरातल्या रॉकेलचासुद्धा हिशेब ठेवला. सोळा वर्षांनंतर ती वही आज पुन्हा उघडून बसलो आहे.

वहीचा उत्तरार्ध नीरस आहे, तेव्हा आधी तोच उरकतो. 2016 पासूनच्या नोंदी शहाण्या माणसाच्या आयुष्यासारख्या आहेत: तेल वेळेवर बदलले, मागच्या मोठ्या काचेची चौकट सुटू लागली तेव्हा ती पुन्हा चिकटवून घेतली, उन्हाने डॅशबोर्डला गेलेल्या तीन भेगा तशाच ठेवल्या, आणि एका सकाळी गाडी अजिबात सुरू होईना, तेव्हा इंधनपंपाला वीज पुरवणाऱ्या काड्यापेटीएवढ्या रिलेतला, वयाने तडकलेला डाख स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा दिला. (तेव्हापासून तसा दुसरा रिले कप्प्यात ठेवलेला असतो. या गाडीचे जुने मालक एकमेकांना प्रथम भेटले की प्रकृतीऐवजी त्या कप्प्यातल्या रिलेची चौकशी करतात.) हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात म्हणून गाडीचा परवाना एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्या मुदतीचाच, आणि उरलेले पाच महिने ती गॅरेजात चादरीखाली. यापलीकडे उत्तरार्धात सांगण्यासारखे काही नाही.

पूर्वार्धाचे तसे नाही. पण त्याआधी गाडीच्या कुळाविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे, कारण त्या कुळाची हेटाळणी मी पुष्कळ ऐकली आहे. ज्यांच्या मनात पोर्शे म्हणजे पाठीमागे इंजिन असलेली 911 एवढेच समीकरण ठसलेले आहे, त्यांना पुढे इंजिन असलेली आणि पाण्याने थंड होणारी ही शाखा सावत्र वाटते. तिची थोरली बहीण 924 मुळात फोल्क्सवॅगनच्या सांगण्यावरून आखली गेली; आणि 1982 साली आलेली 944 सुद्धा नेकार्सुल्म येथे, आउडीच्या कारखान्यात जोडली जाई. परंतु तिचे 2,479 घनसेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन या घराण्याचे स्वतःचे आहे, गिअरपेटी मागच्या आसाशी नेऊन बसवल्यामुळे पुढचे आणि मागचे वजन जवळजवळ सारखे तोललेले आहे, आणि वळणावर ही गाडी जो भरवसा देते तो मला तरी दुसऱ्या कोणत्याही गाडीने दिलेला नाही. एवढी मोठी चार सिलिंडरे स्वभावतःच थरथरतात. ती थरथर शमवण्यासाठी इंजिनाच्या दुप्पट गतीने फिरणारे दोन समतोलदंड आत बसवले आहेत, आणि त्या युक्तीच्या हक्काबद्दल जर्मनांनी मित्सुबिशी या जपानी कंपनीला मोबदला मोजला, ही गोष्ट माझ्या शेजाऱ्यांना सांगताना मला अजूनही किंचित आनंद होतो.

त्या दंडांना एक दातेरी पट्टा फिरवतो, आणि त्याच्याशेजारचा दुसरा पट्टा व्हॉल्व्ह उघडमीट करणाऱ्या दंडाला. दुसरा तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन यांची गाठ पडते, आणि त्या भेटीत व्हॉल्व्ह वाकतात. गाडी घेतल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात, आमच्या गावाबाहेर एकट्याने गॅरेज चालवणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडून मी दोन्ही पट्टे बदलून घेतले. ताण मोजायच्या खास हत्याराने ताण मोजून झाल्यावरही त्याने पट्टा दोन बोटांत धरून हलकेच पिळून पाहिला, कान जवळ नेला, मग बोटे पुसली, आणि मला बजावले: पन्नास हजार किलोमीटर किंवा चार वर्षे, जे आधी येईल ते. मी घरी येऊन वहीत लिहिले: पन्नास हजार. चार वर्षांचे कलम लिहायचे राहिले, किंवा चार वर्षे ही मुदत त्या वेळी मला फार लांबची वाटली.

2010 साली क्लच गेला, त्याचे एवढेच सांगतो की त्या प्लेटच्या मध्यभागी रबर असते, रबर म्हातारे होते, आणि तिथवर पोचण्यासाठी गाडीची मागची अर्धी बाजू मोकळी करावी लागते. रकमेच्या रकान्यातला आकडा पाहून पत्नी दोन दिवस माझ्याशी केवळ कामापुरते बोलली.

मग ऑगस्ट 2011 मध्ये मापकाचा आकडा 1,71,344 वर थांबला. वेगाचा काटा हलत होता, दिवे लागत होते, गाडी पूर्ववत धावत होती. फक्त आकडा पुढे सरकेना. कारण मला ठाऊक होते. आकडे फिरवणारे नखाएवढे एक प्लास्टिकचे दातेचक्र असते, ते वर्षानुवर्षांनी ठिसूळ होऊन भुगा होते. नवे चक्र वीस-पंचवीस युरोंना मिळते, मात्र ते बसवायला काट्यांचा सारा संच बाहेर काढावा लागतो. आज करू, उद्या करू, असे करता करता मी ते काम लांबवले, आणि वहीतला मापकाचा रकाना कोरा सोडत गेलो.

नेमक्या त्याच सुमारास माझी नोकरी बदलून मला उल्मला जावे लागू लागले, जाऊन-येऊन दररोज शंभरावर किलोमीटर, आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत मी हटकून हीच गाडी काढी. ते अंतर कुठेही जमा होत नव्हते. ज्या ज्या वेळी पट्ट्याची आठवण होई त्या त्या वेळी मी मापकाकडे पाही, आणि 1,71,344 हा आकडा मला दर वेळी तेच सांगे: पट्टे बदलून जेमतेम तेवीस हजार झाले आहेत, निर्धास्त असावे. बंद पडलेल्या घड्याळाकडे पाहून गाडीला अजून अवकाश आहे असे मानणाऱ्या उतारूला आपण हसतो. मी दोन वर्षे तेच करत होतो, आणि तेही पदवीधर अभियंता असून.

सप्टेंबर 2013 मध्ये, आल्ब डोंगराचा चढ चढत असताना, महामार्गाच्या उजव्या मार्गिकेत इंजिन थांबले. मोठा आवाज झाला नाही, धूर निघाला नाही. पुढून कोणीतरी लोखंडी पेटीत मूठभर खिळे टाकावेत असा एक अल्पसा खळखळाट झाला, आणि मग टायरांचा व वाऱ्याचा तेवढा आवाज उरला. मिस्त्रीने वरचे झाकण काढून तुटका पट्टा माझ्या हाती दिला. त्याचे दाते एका बाजूने साफ झिजले होते. आठांपैकी पाच व्हॉल्व्ह वाकले होते. तो रागावला नाही. त्याने मापकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि नवे दातेचक्रही याच खेपेस मागवू का, एवढेच विचारले. रकमेच्या रकान्यात त्या दिवशी 2,900 युरो आहेत. त्याच्या खालच्या ओळीत, दातेचक्राचे 24.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा पुण्याहून आले. त्यांना मी मोठ्या हौसेने गाडीत बसवले, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवरच्या त्या आसनात कसेबसे उतरत ते म्हणाले, “अरे, ही गाडी आहे की जेवायचा पाट?” वळणांविषयी, वजनाच्या तोलाविषयी, जपान्यांना दिलेल्या मोबदल्याविषयी मी जे जे सांगितले ते त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले. घरी आल्यावर मात्र वही मागितली, चष्मा लावला, आणि दोन तास ती ओळीओळीने तपासली. बेरजा बरोबर निघाल्या. कोऱ्या रकान्याशी येताच त्यांनी मला लाल शाईचे पेन मागितले आणि निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी, पूर्वीच्याच वळणदार अक्षरात, समासात शेरा मारला: “ऑगस्ट 2011 ते सप्टेंबर 2013, नोंद आढळत नाही. खुलासा करावा.” खाली सही, तारीख.

खुलासा मी आजवर केलेला नाही. पण तो शेरा एकदा कामी आला. जर्मनीत तीस वर्षे पूर्ण केलेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या मोटारीला ऐतिहासिक वाहनाचा दर्जा मिळतो, नंबराच्या पाटीवर शेवटी एच हे अक्षर लागते, आणि कर सपाट 191.73 युरो होतो. करापेक्षा मला दुसऱ्या सवलतीचे अप्रूप होते. माझ्या गाडीला धूर शुद्ध करणारे उपकरण नाही. त्यामुळे 2008 साली स्टुटगार्ट शहराने पर्यावरणक्षेत्राची हद्द आखल्यापासून, ज्या शहरात या गाडीच्या घराण्याची मुख्य कचेरी आहे आणि जिथे झुफेनहाउझेन भागात 2009 पासून त्यांचे भव्य संग्रहालय उभे आहे, त्याच शहराच्या वेशीआत तिला पाऊल टाकण्याची मनाई होती. एच अक्षर लागले की ती मनाई उठते.

2016 च्या वसंतात तपासनिसाने गाडी वर चढवून खालून बोट बोट पाहिली, जस्ताचा लेप असलेल्या पत्र्याची तारीफ केली, आणि मग अर्ज भरताना एकूण अंतर विचारले. मापकावरचा आकडा खरा नाही, हे मी सांगितले आणि पुरावा म्हणून वही पुढे केली. लाल शाईच्या देवनागरी ओळीवर बोट ठेवून त्याने हे काय आहे, असे विचारले. मी भाषांतर करून सांगितले, लिहिणारा कोण तेही सांगितले. त्याने क्षणभर विचार करून अर्जावर आकड्यापुढे “मापकाप्रमाणे” असा शब्द लिहिला, वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली, आणि वडिलांना नमस्कार सांगा म्हणाला.

नवी पाटी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी रजा काढून मी झुफेनहाउझेनला गेलो. हद्दीची तांबडी-पांढरी पाटी ओलांडताना काचा खाली केल्या होत्या. संग्रहालयापुढे गाडी उभी केली, उतरलो, आणि दरवाजाशी गेल्यावर कळले की ते सोमवारी बंद असते. पाच मिनिटे मी तिथे उभा राहिलो आणि परत फिरलो. वहीत त्या दिवशीची नोंद पूर्ण आहे: जाऊन-येऊन 86 किलोमीटर, पेट्रोल, टाकी भरून, प्रयोजन, काही नाही.