जवळजवळ तयार विमानप्रतिकृतीची जोडणी व शक्तियोजना : रायगड किनाऱ्याच्या संदर्भात

रेडिओनियंत्रित विमानाच्या इतिहासात अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंच्या १९३७ मधील विमानास आद्यत्वाचा मान दिला जातो. त्या काळी विमान घडविणे, प्रेषक व ग्राही तयार करणे आणि उड्डाण करणे ही तिन्ही कामे एकाच हौशी व्यक्तीस करावी लागत. आज बाजारात मिळणाऱ्या 'जवळजवळ तयार' विमानाचे पंख, धड व शेपटी बाल्सा आणि हलक्या प्लायवुडची बांधलेली असून त्यांवर रंगीत पातळ आच्छादन ताणून बसविलेले असते. उरते ती केवळ जोडणी व शक्तियोजना. तथापि उड्डाणाचे यशापयश बहुतांशी या उरलेल्या भागावरच अवलंबून असते. कारखान्याने केलेले काम सहसा दगा देत नाही. दगा देतो तो अर्धवट सुकलेला सांधा, उलट दिशेने हलणारे एलेरॉन किंवा एक सेंटिमीटर मागे राहिलेला गुरुत्वमध्य.

विवेचनासाठी येथे १.५ मीटर पंखविस्ताराचे, २५ सेंटिमीटर पंखरुंदीचे आणि सर्व सामग्रीसह १.९५ किलोग्रॅम वजनाचे एक प्रशिक्षण-विमान गृहीत धरले आहे. अलिबाग, नागाव, काशीद, मुरूड यांसारख्या पुळणीवर ते उडवावयाचे आहे, असे समजावे.

पेटी उघडल्यानंतरचे पहिले काम जोडणीचे नसून आच्छादनाचे आहे. उष्ण व दमट हवेत ते सैल पडून त्यावर सुरकुत्या येतात. त्या लहान इस्त्रीच्या मंद उष्णतेने घालविता येतात. त्यानंतर पंखाचे दोन अर्ध मधल्या दांड्यावर जोडावयाचे. त्यासाठी तीस मिनिटांत घट्ट होणारे इपॉक्सी वापरावे, पाच मिनिटांचे नव्हे. कारण पंखांचा कोन दोन्ही बाजूंस सारखा आहे की नाही हे पाहण्यास अवधी हवा. बिजागऱ्यांसाठी वापरण्यात येणारा पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद मात्र हवेतील बाष्पामुळेच घट्ट होतो. सबब कोकणात तो पुस्तकात दिलेल्या वेळेच्या आधीच पकडतो, आणि एकदा पकडल्यावर चूक सुधारण्यास वाव राहत नाही. शेपटी बसविताना तिच्या दोन्ही टोकांपासून पंखाच्या संबंधित टोकांपर्यंतची अंतरे दोऱ्याने मोजून सारखी करावीत. जेथे गोंद लावावयाचा तेथील आच्छादन आधी काढले पाहिजे. ते कापताना पाते खालच्या बाल्सात रुतले, तर शेपटी नेमकी त्याच रेषेवर पुढे कधीतरी मोडते.

सर्व्हो बसविणे सोपे आहे. त्यांचे बाहू मध्यस्थितीत काटकोनात असावेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

शक्तियोजनेचा प्रश्न अधिक विचार मागतो. संथ प्रशिक्षण-विमानास दर किलोग्रॅमला सुमारे १५० ते २०० वॅट विद्युत्शक्ती लागते, असा अनुभवसिद्ध आडाखा आहे. त्याप्रमाणे प्रस्तुत विमानास ३०० ते ४०० वॅट हवेत. चार घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी घेतल्यास तिचा नाममात्र दाब १४.८ व्होल्ट असतो. भाराखाली तो १४ च्या आसपास उतरतो. दर व्होल्टास ८०० फेरे देणारी ब्रशविरहित मोटर ११ इंच व्यासाचा आणि एका फेऱ्यात सैद्धांतिकदृष्ट्या ६ इंच पुढे सरकणारा पंखा मिनिटाला सुमारे ९,००० फेऱ्यांनी फिरवील. त्यासाठी मोटरच्या आसावर सुमारे २८५ वॅट खर्च होतात. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास बॅटरीतून सुमारे ३६० वॅट, म्हणजे साधारण २५ अँपिअर प्रवाह घ्यावा लागतो. वेगनियंत्रक ४० अँपिअरचा असावा.

हे आकडे परस्परांशी जुळतात की नाही याची दुसरीही कसोटी आहे. मिनिटाला ९,००० फेरे व दर फेऱ्यास ६ इंच या हिशोबाने पंख्याची आगेकूच सेकंदाला सुमारे २३ मीटर होते. उलटपक्षी, ज्या वेगाखाली पंखांची उचल सुटते तो वेग काढण्यासाठी पंखांचे क्षेत्रफळ ०.३७५ चौरस मीटर, उचलीचा कमाल गुणांक १.२ आणि हवेची घनता दर घनमीटरास १.१४ किलोग्रॅम धरावी. (१५ अंश सेल्सियस तपमानास प्रमाण घनता १.२२५ असते, किनाऱ्यावरील उन्हाळ्यात ती एवढी मिळत नाही.) उत्तर येते सेकंदाला सुमारे ८.६ मीटर, म्हणजे ताशी ३१ किलोमीटर. आगेकुचीचा वेग या वेगाच्या अडीच पटींहून अधिक आहे. प्रशिक्षण-विमानास तो पुरेसा होय.

नवशिक्याची एक चूक येथे विशेष नमूद करण्याजोगी आहे. विमान मंद वाटले की तो मोठा पंखा लावतो. पंख्याने शोषलेली शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या आणि व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. ११ इंचांऐवजी १३ इंचांचा पंखा लावल्यास त्याच फेऱ्यांना जवळजवळ दुप्पट शक्ती लागेल. प्रत्यक्षात फेरे काहीसे उतरतात, तरीही प्रवाह ४० अँपिअरच्या घरात जाऊ शकतो, आणि वेगनियंत्रक हवेतच निकामी होतो. म्हणून पंखा बदलला की वॅटमापकाने प्रवाह मोजल्यावाचून उड्डाण करू नये. हे मापन विमान घट्ट धरून व पंख्याच्या प्रतलाबाहेर उभे राहून करावयाचे. इतर सर्व चाचण्यांच्या वेळी पंखा काढून ठेवावा. विजेची मोटर इंजिनाप्रमाणे अडखळत नाही. अडथळा आला तर ती अधिक जोर लावते, आणि हा अडथळा म्हणजे बोटे असू शकतात.

३,३०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीचा ऐंशी टक्केच भाग वापरावा. उड्डाणातील सरासरी प्रवाह कमाल प्रवाहाच्या निम्मा धरल्यास सुमारे साडेबारा मिनिटे मिळतात. गजर मात्र नवव्या मिनिटाला लावणे शहाणपणाचे ठरते, कारण पहिला उतरण्याचा प्रयत्न क्वचितच साधतो. साठवणीत दर घटाचा दाब ३.८ व्होल्ट ठेवावा. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात तापलेल्या मोटारगाडीत ठेवून जाणे म्हणजे आगीस निमंत्रण होय.

वेगनियंत्रकाकडे जाणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. पंचवीस अँपिअर प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र नगण्य नसते, आणि ज्या विमानात चुंबकीय दिशादर्शक असतो त्यात ते चुकीची दिशा दाखवू शकते. विजेच्या प्रवाहाचा हा उपद्रव या किनाऱ्यास अपरिचित नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या, तेव्हा कुलाबा वेधशाळेची चुंबकीय निरीक्षणे दूषित होणार हे ओळखून १९०४ मध्ये अलिबाग येथे चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली.

गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या सुमारे ३० टक्क्यांवर, म्हणजे ७.५ सेंटिमीटरवर असावा. तो पुढे राहिला तर विमान जड नाकाने उडते; मागे गेला तर बहुधा एकदाच उडते. समजा, तो ८.५ सेंटिमीटरवर आढळला. ३५० ग्रॅमची बॅटरी साडेपाच सेंटिमीटर पुढे सरकवली की दोष नाहीसा होतो. जागा नसल्यास नाकात, गुरुत्वमध्यापासून २५ सेंटिमीटर पुढे, सुमारे ७८ ग्रॅम शिसे घालावे लागेल. मग विमानाचे वजन २ किलोग्रॅमच्या वर जाते, आणि हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २ किलोग्रॅमपर्यंतचे मानवरहित विमान अव्यापारी हेतूने उडविणाऱ्यास वैमानिकाचा परवाना लागत नाही. ही सवलत वजनाच्या त्या रेषेशीच संपते. त्याच नियमांत प्रतिकृतिविमान दृष्टीच्या टप्प्यात उडविण्याची अट आहे. जागा निवडण्यापूर्वी हवाईक्षेत्राचा अधिकृत नकाशा पाहणे आवश्यक आहे. २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ रायगड जिल्ह्यातच आहे, आणि उरणजवळ करंजा येथे नौदलाचे ठाणे आहे.

आता वाऱ्याविषयी. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो क्षीण असतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो व तो अनेकदा सेकंदाला पाच-सहा मीटरपर्यंत चढतो. ८.६ मीटर वेगास उचल सोडणाऱ्या विमानाच्या दृष्टीने हा मामला गंभीर आहे. त्यातच येथील बहुतेक पुळणी दक्षिणोत्तर पसरलेल्या असल्याने खारा वारा धावपट्टीस आडवा येतो. त्यामुळे सकाळची शांत वेळच योग्य होय. पण सकाळी मोटर बंद पडल्यास वारा विमानास समुद्राकडे नेतो, दुपारी सुरूच्या बनाकडे. बन परवडले. म्हणून सकाळी विमान सदैव किनाऱ्याच्या जमिनीकडील अंगास ठेवावे. भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे ओहोटीची घट्ट ओली वाळू व सकाळची शांत हवा यांचा मेळ महिन्यातील थोड्याच दिवसांत बसतो. दिवेआगर, हरिहरेश्वर या बाजूस हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. तेथील राखलेल्या जागांपासून दूर राहिले पाहिजे.

उड्डाणापूर्वी प्रथम प्रेषक व नंतर बॅटरी जोडावी. बंद करताना क्रम उलटा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या ग्राहीचे दोन एरियल परस्परांशी काटकोनात ठेवावेत. प्रेषकाची शक्ती कमी करून तीस पावलांवरून सर्व पृष्ठभाग हलतात याची खात्री करावी. उजवीकडे वळण्याची आज्ञा दिली असता उजवे एलेरॉन वर जावयास हवे. संपर्क तुटल्यास मोटर बंद होईल अशी व्यवस्था करून तिचीही चाचणी घ्यावी. अनेकजण ती व्यवस्था करतात, चाचणी मात्र घेत नाहीत.

परत आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने सारे विमान पुसावे आणि मोटरच्या बेअरिंगांस तेलाचा एक थेंब द्यावा. खाऱ्या हवेपेक्षाही एक शत्रू अधिक चिवट आहे. कोकणच्या बेसाल्टापासून झालेल्या काळसर वाळूत मॅग्नेटाइटचे कण असतात. ब्रशविरहित मोटरच्या फिरत्या घंटेत प्रबळ चुंबके असल्याने एका घसरत्या उतरणीतच ते कण आत ओढले जातात, आणि चुंबक व गुंडाळी यांमधील बारीक फटीत अडकतात. फुंकर मारून ते निघत नाहीत. घंटा काढून, चिकटपट्टी चुंबकांवर दाबून व उचलून, एकेक कण बाहेर घ्यावा लागतो.