बैलगाडीची धाव आणि जाम झालेले इंजीन

धातूच्या जाड पत्र्याला एक गोल भोक आहे. पत्रा तापवला तर भोक लहान होईल की मोठे? विद्यार्थी मित्रांनो, पुढे वाचण्यापूर्वी आपले उत्तर मनाशी ठरवून ठेवा.

आमच्या उचगावात एका गोठ्यात यामाहा आर. एक्स. १०० ही मोटारसायकल कित्येक पावसाळे पडून होती. हे टू-स्ट्रोक वाहन भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनले. घरातल्या मुलाला ती दुरुस्त करून मातीवरच्या शर्यतीत उतरवायची होती. पण किक जागची हलेना. पूर्वी कोणीतरी हातोडा चालवून सिलिंडरच्या दोन पट्ट्या तोडल्या होत्या. आणखी एक घाव चुकला असता, तर क्रँककेसच फुटली असती आणि इतक्या जुन्या गाडीची चांगली क्रँककेस मिळणे कठीण! मुलाने विचारले, "सर, जोर न लावता हे सुटेल का?"

पिस्टन का अडकला?

या इंजिनाचा पिस्टन ॲल्युमिनिअमचा, सुमारे ५० मि.मी. व्यासाचा असतो. तो ज्या नळीत सरकतो तिचे अस्तर मात्र बिडाचे असते. दमट हवेने बीड गंजते आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. पिस्टनभोवतीची केसाएवढी फट अशी भरून गेली, की पिस्टन पाचरीसारखा घट्ट बसतो.

मिस्त्रींनी प्रथम हेड काढून पिस्टनवर पातळ तेल ओतले आणि चार दिवस तसेच ठेवले. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसे ते केशाकर्षणाने अरुंद फटीत शिरते. मग मी म्हटले, "आता थंडी वापरू."

तापमान १ अंश सेल्सिअसने बदलले, की १ मीटर लांबीचे ॲल्युमिनिअम सुमारे ०.०२३ मि.मी. वाढते किंवा आकसते, बीड ०.०११ आणि पोलाद ०.०१२ मि.मी. म्हणजे दोन्ही भाग ४० अंशांनी थंड झाले, तर पिस्टन ०.०४६ मि.मी. आकसेल, नळी ०.०२२ मि.मी. फरक अवघा ०.०२४ मि.मी.; पण गंजाची पकड ढिली व्हायला तेवढा पुरतो. आम्ही पिशवीत बर्फ घालून पिस्टनवर ठेवला आणि सिलिंडरला बाहेरून गरम फडकी गुंडाळली. मग लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले. तिसऱ्या खेपेस पिस्टन केसभर सरकला!

आता उष्णतेची पाळी

पुढचे काम क्रँककेसमधील बेअरिंग काढण्याचे. येथे जोडी उलटी आहे. बेअरिंग पोलादाचे आणि ते ज्या भोकात दाबून बसवले आहे ते ॲल्युमिनिअमचे. समजा बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ मि.मी. आहे आणि सारे काही ८० अंशांनी तापवले. बेअरिंग ०.०५० मि.मी. वाढेल, भोक मात्र ०.०९६ मि.मी.

होय, भोक मोठेच होते! भोकाच्या कडेचा परीघ तापून लांबतो, म्हणून भोकही रुंदावते. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना पाहिले आहे ना? धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात, लालभडक तापवतात, ती सैल झाली की चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. आकसलेली धाव चाकाला करकचून आवळते.

मिस्त्रींनी रबरी सील काढले, पेट्रोल-तेलाचा अंशही पुसून क्रँककेस वाळवली आणि विजेच्या शेगडीवर सावकाश तापवली. एकाच जागी ज्योत धरली, तर ती वाकण्याचा धोका असतो. पाण्याचा थेंब टाकताच चर्र झाले. क्रँककेस पोत्यावर पालथी करून थोपटली मात्र, बेअरिंग टपकन खाली पडले. हातोड्याची गरजच पडली नाही.

तेव्हा अडकलेला भाग दिसला, की प्रथम विचारावे : बाहेरचा धातू कोणता, आतला कोणता? अधिक प्रसरण पावणारा धातू बाहेर असेल तर तापवावे. आत असेल तर थंड करावे.

करून पाहा

स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले, तर आतल्या पेल्यात बर्फाचे पाणी ओता आणि बाहेरचा पेला कोमट पाण्यात धरा. थोड्या वेळाने हलकेच फिरवून ओढा. दोन्ही पेले एकाच धातूचे आहेत. मग दोन्ही सारखेच तापवले असते, तर ते सुटले असते का? विचार करा. आणि इंजिनाचे काम मात्र जाणत्या मिस्त्रींच्या देखरेखीखालीच करा.