चोवीस तास जागणारी डिस्क

अकोल्याच्या बाजारात दुकानाचे शटर पडते, तरी कॅमेऱ्यांच्या पेटीतली हार्ड डिस्क जागीच असते. मिनिटाला हजारो फेरे, रात्रंदिवस. अशी डिस्क टिकते किती?

बॅकब्लेझ या अमेरिकी कंपनीने २०१३ साली आपल्या अखंड चालणाऱ्या सुमारे २५ हजार डिस्कचा हिशेब मांडला. चार वर्षांनी पाचांतल्या जवळजवळ चार शाबूत होत्या. मात्र तीन वर्षांनंतर बिघाड एकदम वाढले होते. मारेकरी म्हणजे कामाचा बोजा, असे आपण समजतो. गूगलने २००७ साली लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात जादा राबवल्याचा फटका मुख्यतः नव्याकोऱ्या आणि फार जुन्या डिस्कनाच बसलेला दिसला.

पण तिथली हवा वातानुकूलित! आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर, डोक्यावर टिनाचे छत, पेटीच्या पंख्यात धूळ आणि कापसाचे तंतू. साध्या डिस्कची मर्यादा साधारण ६० अंशांची. ती गाठायला कितीसा वेळ? अमरावती असो की अकोला, पंखा झाडलाच पाहिजे. आणि पेटी उघडून बघतो कोण? चोरी झाली, पोलिसांनी चित्रण मागितले, की मग. तपासणीत पहिला दोष दिसल्यावर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट, असे गूगलचाच अभ्यास सांगतो. तेव्हा नक्कल त्याच दिवशी काढावी.