कांदेपोह्यातील स्निग्धांशाचा हिशेब

नोकरीनिमित्त अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरला राहणाऱ्या मुलांना आपण घरचे शेंगदाणे आवर्जून पाठविता. ते सकाळच्या कांदेपोह्यात पडतात. लोकल गाठण्याच्या घाईत फोडणीचे तेल मात्र अंदाजानेच ओतले जाते.

पोह्यांत स्निग्धांश नगण्य असतो. शेंगदाण्यांत तो जवळजवळ निम्मा, तर ओल्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश असतो. चौघांच्या पोह्यांना चहाचे चार चमचे तेल, ४० ग्रॅम दाणे व ४० ग्रॅम खोबरे घेतल्यास माणशी सुमारे १३ ग्रॅम स्निग्धांश पोटात जातो. तेल दुप्पट झाले की हाच आकडा १७ वर पोहोचतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली २००० कॅलरींच्या आहारात दिवसभराचे तेल-तूप २७ ग्रॅमच धरले आहे.

म्हणून कपात तेलात करावी, दाण्यांत नव्हे. दाण्यांतून प्रथिनेही मिळतात. दाणे जास्त घातले तर खोबरे वगळावे. तेल अजिबात बंद करणेही बरोबर नाही. गाजर, पालक यांतील अ जीवनसत्त्व अंगी लागण्यास थोडा स्निग्धांश लागतोच. पोह्यांसोबत वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ घ्यावी, म्हणजे दुपारच्या डब्यापर्यंत दम निघतो आणि स्टेशनबाहेरच्या वडापावकडे पाय वळत नाहीत.